भेंडीच्या पिशवीवरची आत्या

रबाबला एका जागी बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक घरमालकाच्या नावाने बोटं मोडतात, रबाबला मात्र बरंच वाटतं. चौथ्या मजल्यावरून खाली, खालून वर, मध्येच माझ्या दाराला टेकून दोन वाक्यं, की पुन्हा वर. मी पहिल्या मजल्यावर नवऱ्यामुलींचे कपडे शिवते. माझ्या मशीनचा आवाज ऐकला की ती दार न वाजवता आत येते, कात्री उचलते, ठेवते, टाचण्यांची डबी उघडते, मिटते.

"बस गं जरा," मी म्हणते.

"बसतेच आहे, अब्ला," असं म्हणून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहते. थोरली बहीण मानून मला अब्ला म्हणते.

चित्रंसुद्धा उभ्यानेच काढते. त्यावरच तिचं पोट आहे. एका जाहिरात कचेरीत होती, ती सोडली. मग मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, तीही सोडली. मग ठरवलं की कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, ज्याला चित्र हवं त्याने सांगावं, आपण काढून द्यावं, मोकळं व्हावं. कुणाच्या लग्नपत्रिका, कुणाची औषधाची खोकी, कुणाची लहान मुलांची पुस्तकं. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं तिची आत्या इतिदाल सगळ्या गल्लीला सांगत असते.

आता या आत्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या तोंडावरून झालं. रबाबची आई ती लहान असतानाच गेली. बाप जहाजावर आचारी होता, तो एका दूरच्या बंदरात उतरला आणि तिथेच राहिला. मग आत्यानेच पोरीला वाढवलं. आत्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. धिप्पाड बाई, रुंद हनुवटी, नाकाशेजारी तीळ, आणि डावी भुवई सदा वर चढलेली, जणू समोरच्याने आत्ताच काहीतरी थाप मारली आहे. रुमालाची गाठ ती खेड्यातल्या बायकांसारखी कपाळावर मारते. हजला जाऊन आली तरी जीभ काही मऊ झाली नाही. कोळ्याच्या दुकानात ती शिरली की कोळी शिळे मासे स्वतःच बाजूला सारतो.

एका हिवाळ्यात, समुद्र खवळलेला आणि लाटा कॉर्निशच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर येत होत्या त्या दिवसांत, रबाबला कैरोहून फोन आला. गोठवलेल्या भाज्या विकणारी एक कंपनी होती. तिथले जाहिरातींचे साहेब, उस्ताज शिहाब, बोलत होते. रमजानसाठी भेंडीची नवी पिशवी काढायची होती, तिच्यावर एक गृहिणी हवी होती, अस्सल, जिला पाहून लोकांना घर आठवेल. रबाबने हो म्हटलं. काय हवं, कधी हवं, किती देणार, सगळं फोनवरच ठरलं. आपल्याकडे असंच ठरतं. शब्द दिला, शब्द घेतला.

त्याच दुपारी आत्या बाल्कनीत मांडीवर परात घेऊन भेंडी निवडत होती. रबाबने दारातून तिला पाहिलं आणि उभ्याउभ्याच काढायला सुरुवात केली. तीळ, हनुवटी, भुवई, कपाळावरची गाठ. मला दाखवायला खाली आली तेव्हा मी हसून हसून सुई बोटात खुपसून घेतली.

"आत्याला दाखवलंस?"

"दाखवेन की."

पण दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी चित्र कैरोला गेलं आणि पैसे वेळेवर आले, पूर्ण आले. तक्रारीला जागाच नव्हती.

रमजानच्या आधी पिशव्या दुकानांत आल्या. कंपनीने बाईचं नाव ठेवलं होतं सित्त बामिया, म्हणजे भेंडीबाई. पिशवी अशी खपली की दुकानदार म्हणायचे, लोक भेंडी मागत नाहीत, 'ती बाई द्या' म्हणतात. मग कॅम्प सीझरच्या ट्राम थांब्यावर मोठ्ठा फलक लागला. आत्याची भुवई दोन माणसांएवढी! रबाब तिथे गेली, उभी राहिली, ट्रामा सोडत राहिली. आनंद झाला होता तिला, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदातही काहीतरी बोचत होतं, कारण घरी आल्यावर ती आत्याच्या नजरेला नजर देईना.

आत्याला कळायला वेळ लागला नाही. बाजारातल्या बायकांनीच सांगितलं. ती घरी आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "ती बाई माझ्यासारखी दिसते म्हणे." रबाब म्हणाली, "सगळ्याच बायका तशा दिसतात, आत्या." आत्याने भुवई चढवली आणि विषय तिथेच राहिला.

तो उसळून आला रमजानमध्ये. इफ्तारनंतर सगळा देश टीव्हीसमोर असतो, आणि त्या वर्षी मालिकांच्या मधोमध सित्त बामिया हलायला, चालायला, बोलायला लागली. कुणीतरी रबाबचं चित्र घेऊन त्याची हलती जाहिरात बनवली होती. बाईला कर्कश आवाज दिला होता. ती सुनेच्या हातातली ताजी भेंडी हिसकावून कचऱ्यात टाकते, सुनेच्या थोबाडीत देते आणि ओरडते, "आळशे, पिशवी फोड!" प्रत्येक भागात नवी थप्पड. पोरांना तर पर्वणीच. आत्या रस्त्याने निघाली की मागून हाळी यायची, "आळशे, पिशवी फोड!" आणि टाळीचा आवाज, चपाट!

त्या पहिल्या जाहिरातीच्या वेळी मी त्यांच्याकडेच होते, रमजानच्या गोड कतायेफची ताटली घेऊन गेले होते. आत्याने पडद्याकडे पाहिलं, मग हातातला चमचा ठेवला आणि नमाजाला उठून गेली. रबाब उभी होती ती उभीच. तिच्या गालांवर लाल डाग उमटले होते, थप्पड जणू तिलाच बसली होती.

तेव्हापासून तिची जी धावपळ सुरू झाली ती बघवेना. कॉर्निशवर इब्राहिमियापासून स्टॅनलीपर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा निघायची. उस्ताज शिहाबना फोन करायची. ते मीटिंगमध्ये. पुन्हा करायची. ते जेवायला. शेवटी एकदा सापडले.

"रबाब हानिम, अहो अभिनंदन! तुमच्या बाईने देश जिंकला!"

"तुम्ही तिला मारकी केलीत. मी अशी काढली नव्हती."

"अहो, विनोद आहे तो. लोक हसतायत."

"मला विचारायचं होतं."

मग अगदी गोड आवाजात ते म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही चित्र काढलंत, आम्ही मोबदला दिला. सुताराने टेबल करून दिल्यावर त्यावर आम्ही काय जेवतो हे तो विचारतो का?"

रबाब खाली माझ्याकडे आली आणि हे वाक्य मला चार वेळा ऐकवलं. खरं सांगायचं तर मला उस्ताज शिहाबांचंच पटत होतं. मी म्हटलं, "रागावू नकोस, पण माझ्या धंद्यातही तेच आहे. गिऱ्हाईक कापड आणतं, मी शिवते, शिलाई घेते. मग तो झगा घालून ती नाचो नाहीतर फरशी पुसो. माझा काय संबंध?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्या शत्रूला चहा पाजला. मग निघून गेली. दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही.

ईद झाल्यावर उस्ताज शिहाबांचाच फोन आला. आवाज आणखी गोड. एकदा कैरोला या, चहा घेऊ, एक साधासा कागद आहे, उपचार म्हणून सही लागेल, आणि तुमच्यासाठी एक छोटीशी भेटही आहे. रबाब सिदी गाबेर स्टेशनवरून सकाळची गाडी पकडून गेली. कचेरी वातानुकूलित, खिडकीतून नाईल दिसते अशी. कागदात लिहिलं होतं की सित्त बामियाचे सगळे हक्क, सगळ्या देशांत, सगळ्या प्रकारांत, कायमचे कंपनीचे. आणि पुढे रबाब तिच्यासारखी जी जी चित्रं काढील तीही कंपनीचीच. भेटीचा आकडा जेव्हा तिने मला सांगितला तेव्हा माझा पाय मशीनवरून सुटला.

"मग सही केलीस?"

"नाही. मी म्हटलं वाचून कळवते. त्यांचा चेहरा उतरला गं, अब्ला. इतका का उतरला? सगळं त्यांचंच असेल तर माझी सही कशाला हवी?"

हा प्रश्न तिला बसू देईना, झोपू देईना, आणि तिच्यामुळे मलाही. शेवटी मीच तिला घेऊन उस्ताजा मुशीराकडे गेले. या वकीलबाई. त्यांच्या दोन्ही मुलींचे लग्नाचे पोशाख मी शिवलेले. मन्शियात जुन्या इमारतीत त्यांची कचेरी आहे, आणि त्या बोलताना सतत भोपळ्याच्या बिया सोलत असतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू त्यांच्याकडे पगारावर होतीस?"

"नाही."

"काही लिहून दिलंस? चिठ्ठी, करार, मेल, काहीही?"

"काही नाही. फोनवरच ठरलं. रमजानची पिशवी, एवढंच."

"मग रमजानची पिशवी तेवढी त्यांची," मुशीराबाई म्हणाल्या आणि बी दाताखाली फोडली. "बाकी सगळं अजून तुझं. आपल्या कायद्यात चित्र काढणाऱ्याचा हक्क आपोआप उठून पैसे देणाऱ्याच्या घरी जात नाही. तो लिहूनच द्यावा लागतो, आणि तेही नेमकं लिहून. काय दिलं, कशासाठी, किती काळ, कुठे. नोकरीत असतीस तर वाद वेगळा झाला असता. पण तू स्वतंत्र माणूस आहेस."

मी मध्ये पडले. "पण पैसे तर दिले ना त्यांनी? माझ्याकडचा झगा..."

"मदाम फिक्रिया, झगा गिऱ्हाइकाचाच. घाला, फाडा, काय हवं ते करा. पण उद्या त्या गिऱ्हाइकाने तुमचा कापड बेतायचा कागद उचलून नेला, त्यावरून कारखाना काढला आणि पोर्ट सईदपर्यंत झगे विकले, तर? तुम्ही म्हणाल, शिलाई घेतली होती, जाऊ दे?"

तो कागद मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही देत नाही.

"आणि त्यांनी बाईला थप्पड मारायला लावली," मुशीराबाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे तुझं चित्र तुझ्या नावाला बाधा येईल असं बदललं, तर हरकत घ्यायचा हक्क तुझाच. तो तर विकायचा म्हटलं तरी विकता येत नाही. पुढे काढशील ते सगळं आजच लिहून घेणं, तेही चालत नाही. आता कळलं चेहरा का उतरला? मला वाटतं ते ही बाई आणखी कुणाला तरी विकायला निघालेत, आणि घेणारा विचारतोय, ही तुमची कशी, ते दाखवा."

तसंच निघालं. आखातातली एक कंपनी सित्त बामियाची लहान मुलांची मालिका काढणार होती.

आता रबाबला पंख फुटतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी निदान राग होता, एक दिशा होती. आता हातात काहीतरी आलं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना. सकाळी म्हणायची, "विकून टाकते, मोकळी होते." दुपारी म्हणायची, "मरेपर्यंत देणार नाही." संध्याकाळी तिसरंच. जिन्यावरच्या तिच्या पावलांच्या आवाजावरून आज काय बेत आहे ते मला कळायला लागलं.

अशाच एका संध्याकाळी मी वर गेले तर दोघींचं जुंपलेलं. आत्याच्या हातात झारा होता.

"माझं माझं काय लावलंयस मघापासून?" आत्या म्हणत होती. "माझी बाई, माझं चित्र, माझा हक्क. आरसा आण जरा. कुणाचा तीळ आहे तो?"

"आत्या, मी कुठे नाही म्हणते?"

"म्हणालीस की! 'सगळ्याच बायका तशा दिसतात.' खोटारडे! त्या कैरोवाल्याने तुला विचारलं नाही म्हणून तू शहरभर फिरतेयस. तू मला विचारलं होतंस?"

रबाब पहिल्यांदाच खुर्चीत बसली. बसली म्हणजे कोसळलीच. तिला वाटत होतं आत्याला थपडांचं दुःख झालंय, पोरांच्या हाळ्यांचं झालंय. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"छे!" आत्या म्हणाली. "पोरं काय, आज ओरडतील, उद्या विसरतील. आणि थपडा? तुझ्या बापाला मी लहानपणी कमी मारल्या? उलट परवा तो कोळी म्हणाला, हाज्जा, तुम्ही देशात सगळ्यांत प्रसिद्ध बाई, आणि कोळंबी मूठभर जास्त घातली. मला बरंच वाटलं." ती थांबली, झाऱ्याने तेल निथळू दिलं. "पण मी उभ्या जन्मात गोठवलेली भेंडी शिजवली नाही. एकदासुद्धा नाही. वसतिगृहाच्या मुली अजून रस्त्यात भेटतात, म्हणतात, हाज्जा, तुमच्या भेंडीची चव कुठे नाही. आणि आता त्याच मुली दुकानात ती पिशवी बघून म्हणत असतील, अस्सं होय! म्हातारी तेव्हापण पिशवीच फोडत होती!"

मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत नव्हती. रबाबच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मुशीराबाईंनी कैरोत कंपनीबरोबर बैठक लावली, आणि तिला आपण येणार हे आत्याने स्वतःच ठरवलं. मुशीराबाई म्हणाल्या, कायद्याने तिची गरज नाही, सहीचा अधिकार रबाबचाच. आत्या म्हणाली, "कायद्याला म्हणावं, मी गाडीत खिडकीपाशी बसणार." मीही गेले, डबा घेऊन.

कचेरीच्या दारातून आत्या आत गेली तो क्षण मी विसरणार नाही. समोर बसलेल्या मुलीने मान वर केली आणि तिच्या तोंडातून निघालं, "या सलाम! सित्त बामिया!" एकेक करून लोक खोल्यांतून बाहेर आले. कुणी मोबाइल काढला. कुणी म्हणालं, "अरे, ही खरीच आहे!" चित्रातली बाई नुसती कल्पनेतली आहे असंच त्यांना आजवर वाटत होतं.

"इतिदाल," आत्या म्हणाली. "इतिदाल अब्दुल-मौला. आणि तो फोन खाली ठेव बाळा, मी तुझ्या लग्नातली नर्तकी नाही."

उस्ताज शिहाब माणूस वाईट नव्हता हे मला सांगितलं पाहिजे. तरुण, घामाघूम, वरच्या साहेबांना घाबरणारा. त्याने आत्याला स्वतःची खुर्ची दिली. मुशीराबाईंनी मांडणी केली. चित्र पिशवीवर आणि फलकावर वापरा, याच देशात, ठरलेल्या काळासाठी. चित्राखाली रबाबचं नाव. थपडांची जाहिरात बंद. काही बदलायचं तर आधी रबाबला दाखवायचं. आखाताचं वेगळं बोलू.

शिहाबने कपाळ पुसलं. "नाव घालू. थपडा काढून टाकू, तसंही रमजान संपला. पण आखातवाल्यांना अर्धवट नको, सगळं हवं. त्यांच्याशिवाय आमच्या साहेबांना या बाईत रस उरणार नाही. रबाब हानिम, मी रक्कम आणखी वाढवून आणतो. तुमचं आयुष्य बदलेल."

रबाब उठून खिडकीपाशी गेली. मला माहीत होतं तिच्या मनात काय चाललंय. भाड्याचं घर, आत्याचे गुडघे, पुढची कामं. मुशीराबाई हळूच म्हणाल्या, "विचार करून बोल. नाही म्हणालीस तरी तुझं, हो म्हणालीस तरी पाप नाही."

तेवढ्यात आत्या बोलली. "माझी एकच अट आहे. त्या बाईच्या हातात ताजी भेंडी द्या."

शिहाब हसला. त्याला खरंच हसू आलं होतं. "हाज्जा, अहो आम्ही गोठवलेलीच विकतो!"

"मग दुसरं तोंड शोधा, बाळा."

शिहाबने रबाबकडे पाहिलं. त्याच्या नजरेत स्पष्ट होतं की म्हातारीचं सोडा, तुम्ही बोला, सही तुमची आहे. आणि ती खरंच तिची होती. एवढे महिने ज्यासाठी ती धावली ते सगळं त्या क्षणी तिच्या हातात होतं. ती खिडकीपासून टेबलापर्यंत आली, पुन्हा खिडकीकडे वळली, पुन्हा आली.

"दुसरं तोंड शोधा, उस्ताज," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की शिहाबला पुन्हा विचारावं लागलं.

परतीच्या गाडीत आत्या डब्यातले कोफ्ते खाऊन खिडकीला डोकं टेकून झोपली. रबाब सबंध वाट गाडीच्या मधल्या बोळातून फेऱ्या मारत होती. तिकीट तपासणीस तिला म्हणाला, "मदाम, तुम्ही चालतच अलेक्झांड्रियाला जाणार होतात तर तिकीट कशाला काढलंत?"

छापून तयार असलेल्या पिशव्या संपेपर्यंत विकायची मुभा मुशीराबाईंनी कंपनीला दिली. मग फलक उतरले. कॅम्प सीझरच्या थांब्यावर काही दिवस नुसता पांढरा पत्रा होता. रबाबची कामंही आटली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण कैरोच्या कचेऱ्यांतून शब्द फिरला असावा की ही बाई चित्राबरोबर वकील पाठवते. नव्या गिऱ्हाइकाला ती कागद पुढे करायची, काय, कशासाठी, किती काळ, कुठे, तर निम्मे लोक म्हणायचे, आमच्यात-तुमच्यात कागद कशाला, आणि पुन्हा फोन करायचे नाहीत.

त्या दिवसांत एकदा मी आत्याला विचारलं, कशी आहेस. म्हणाली, "कोळंबी पुन्हा मोजून मिळायला लागली." थोड्या वेळाने तीच रबाबला म्हणाली, "एवढी मोठी रक्कम सोडलीस. वेडी आहेस का?"

रबाब किंचाळलीच. "तूच म्हणालीस ना दुसरं तोंड शोधा म्हणून!"

"मी म्हणाले म्हणून तू ऐकलंस? जन्मात कधी माझं ऐकलं होतंस? नेमकं त्याच दिवशी कशाला?"

त्यावर दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत यायचे, मीठ संपलंय, पाण्याचं बिल भर.

मग एका सकाळी मन्सुराहून एका मुलीचा फोन आला. नाव शुरूक. नुकतीच चित्रं काढायला लागलेली. त्याच कंपनीने तिला काम दिलं होतं. म्हणाले, तशीच एक बाई काढ, पण तीच नको. "मला कळेना म्हणून तुमचा नंबर शोधला," मुलगी म्हणाली. "तुम्ही रागवाल का? काढू की नको?"

रबाब फोन घेऊन माझ्याकडे आली होती, मी समोरच होते. तिला हवं असतं तर ती मुलीला घाबरवू शकली असती. मला वाटतं क्षणभर तसं तिच्या मनातही आलं.

"काढ," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासारखी नको, तुझी काढ. आणि कुणाला बघून काढलीस तर त्या माणसाला आधी सांग. मग कंपनीकडून नीट लिहून घे, कशासाठी देतेयस ते." मग तिने तिला मुशीराबाईंचा नंबर दिला, आणि वर हेही सांगितलं की जाताना भोपळ्याच्या बिया घेऊन जा, त्या खूश होतात.

पुढच्या रमजानच्या आधी थांब्यावर नवा फलक लागला. एक हाडकुळी, हसरी, चष्मा लावलेली आजी. मन्सुराच्या त्या मुलीच्या गल्लीतली कुणी असेल. आम्ही तिघीही बघायला गेलो. आत्या म्हणाली, "हिला तर भेंडी सोडा, अंडं उकडता येत नसणार." ट्राम आली, गेली. मी रबाबकडे पाहिलं तेव्हा ती ओठ आवळून त्या चित्रातल्या हातांकडे बघत होती.

"चांगली काढलीय पोरीने," ती म्हणाली. "हात माझ्यापेक्षा चांगले जमलेत." आणि मागे न बघता समुद्राकडे चालू लागली, इतक्या वेगाने की आत्याने मागून ओरडून विचारलं, कुणी मेलंय का.

सध्या ती क्लियोपात्रा भागातल्या एका दातांच्या डॉक्टरसाठी काम करतेय. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठाल्या दातांचा एक मासा काढलाय. डॉक्टरला तो इतका आवडला की त्याला आता तोच मासा आपल्या कार्डांवर आणि टूथब्रशच्या पाकिटांवर छापायचाय. रबाब म्हणते, भिंत तुझी, मासा माझा, बोलू या. डॉक्टर म्हणतो, मासा माझ्या भिंतीवर पोहतोय. आज सकाळपासून ती याच भांडणासाठी तीन वेळा जिना उतरून गेली आहे, आणि आत्ता मी हे सांगतेय तेव्हा वरून तिची पावलं पुन्हा ऐकू येतायत.